चाळीस नंबरचा कागद

रंगवून वाळवलेला मोजा मी उजेडाच्या पेटीवर पसरला होता. हा पायात घालायचा मोजा नव्हे. मशीनवरच्या दोनशे सोळा बॉबिनांतला थोडा थोडा धागा एकामागून एक विणून केलेली ही एक लांब नळी असते. प्रत्येक बॉबिनच्या वाट्याला चार सेंटिमीटर, म्हणजे एकूण आठ मीटर चौसष्ट सेंटिमीटर. ती निळ्या रंगात उकळायची, वाळवायची आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत जायचं. सगळीकडे एकच निळा दिसला तर धागा चांगला. त्या सकाळी एकशे त्रेचाळिसाव्या जागी चार सेंटिमीटर निळा जरा फिका होता. सवय नसलेल्या डोळ्याला तो दिसलाही नसता. मला खटकला तो फिकेपणा नव्हे. फिटरने चार वेळा दुरुस्ती केल्यावरही तो त्याच जागी होता, हे खटकलं.

आमचा कारखाना सिल्व्हासाला, आमलीच्या वसाहतीत. पॉलिएस्टरचा सपाट धागा गरम करून, पीळ देऊन फुगीर करायचा आणि सुरतेच्या मागांना पाठवायचा. एखादी फिकी बॉबिन चांगल्या मालात मिसळून गेली की कापडावर उभा पट्टा उमटतो आणि तक्रार सरळ मुंबईच्या मुख्य कचेरीत जाते. म्हणून फिकी बॉबिन पॅकिंगमध्ये बाजूला काढायची आणि फिटरने मशीनवरची ती जागा दुरुस्त करायची. या दोन्ही कामांसाठी जुन्या संगणकावरून रोज सकाळी एक कागद निघायचा. रिपोर्टांच्या यादीत त्याचा क्रमांक चाळीस, म्हणून सगळ्या कारखान्यात त्याचं नावच चाळीस नंबर.

हा संगणक १९८६ साली आला होता आणि आता १९९८ चालू होतं. त्याचे सुटे भाग मिळत नव्हते आणि दोन हजार साल उजाडल्यावर तो कोणती तारीख छापेल हे कोणीच सांगू शकत नव्हतं. त्याला निवृत्त करणं योग्यच होतं, हे मी आजही म्हणेन. मुंबईने चार कारखान्यांत नवी पद्धत बसवली होती, आमचा पाचवा. जुन्या रिपोर्टांवरून लोकांना नव्यावर आणायचं काम माझ्याकडे आलं, कारण प्रयोगशाळा मी सांभाळत होते आणि जुने एकेचाळीसही रिपोर्ट मला पाठ होते.

प्रत्येक रिपोर्टसमोर तीन गोष्टी लिहायच्या होत्या. किती जण वापरतात, नव्या पद्धतीत त्याच्या जागी काय, आणि वापरणाऱ्याची सही. किती जण वापरतात हे संगणकच सांगायचा, कोणाच्या पासवर्डने रिपोर्ट किती वेळा निघाला त्यावरून. चाळीस नंबर फक्त माझ्या पासवर्डने निघायचा. मी लिहिलं, वापरणारे एक.

तो कागद पॅकिंगमध्ये जातो, तिथे सव्वीस बाया त्याच्या पट्ट्या कापून ट्रॉल्यांना चिकटवतात आणि पट्टीवरच्या फुल्या बघून बॉबिन बाजूला काढतात, हे मला माहीत होतं. रोज सकाळी साडेसातला मीच तो पाठवत होते. तरी एक लिहिलं. तक्त्यात तेवढंच विचारलं होतं.

नव्या पद्धतीत मशीनच्या दोन बाजू वेगळ्या होत्या, ए आणि बी, प्रत्येकीवर एकशे आठ जागा. मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या नकाशाप्रमाणे दोन्ही बाजू मोटरच्या टोकापासून मोजायच्या. मी पॅकिंगच्या बायांना दोन दिवस हे शिकवलं. कागद बंद, सुपरवायझरच्या टेबलावर पडदा, त्यावर लिहिलेलं येईल ‘बी पस्तीस’. मग मोटरच्या टोकापासून पस्तीस मोजायचं. त्या लगेच शिकल्या. जुने नंबर नव्यात बदलायचा तक्ता मी प्रयोगशाळेत बसून केला होता. एक ते एकशे आठ म्हणजे ए एक ते ए एकशे आठ. एकशे नऊपासून पुढे बी एक, बी दोन, असं सरळ. एकशे त्रेचाळीस म्हणजे बी पस्तीस. तक्ता मी तीनदा तपासला. बेरीज-वजाबाकीत एकही चूक नव्हती.

नवी पद्धत सुरू होऊन एकोणीस दिवस झाले होते. तेवढ्या दिवसांत सुरतेहून पट्ट्याच्या तीन तक्रारी आल्या, तिन्ही आमच्या या एकाच मशीनच्या. तिन्ही खोके चंदाच्या हातचे. चंदा नंदुरबारकडची, तिशीच्या आतली, पॅकिंगमधला सगळ्यात चपळ हात. पहिल्या दोन तक्रारींची दोन पत्रं तिला मिळाली होती, ‘कामात निष्काळजीपणा’. तिसरं पत्र मिळालं की काम बंद, असा नियम होता. तिसरी तक्रार त्याच दिवशी सकाळी आली होती.

दहाच्या सुमाराला प्रयोगशाळेच्या दारात कोंडाबाई उभी राहिली. कोंडाबाई पॅकिंगमधली सगळ्यात जुनी, शिरपूर तालुक्यातली, कारखाना उभा राहिला तेव्हापासून इथे.

“म्याडम, वेळ आहे का तुम्हाले?”

“बोला ना, कोंडाबाई. आत या.”

“बोलायचं नाही, दाखवायचं आहे. तुम्हीच बाहेर या.”

ती मला मशीनपाशी घेऊन गेली. बॉबिन उतरवायची वेळ झाली होती. मोटरच्या टोकाला रिकामी ट्रॉली उभी होती आणि तिच्याशेजारी चंदा.

“ढकला,” कोंडाबाई म्हणाली.

“मी?”

“किती वर्षं झाले तुम्हाले इथं?”

“अकरा.”

“अकरा वर्षांत कधी ढकलली?”

मी ट्रॉलीचा दांडा धरला.

“जपून, म्याडम,” चंदा म्हणाली. “तिचं एक चाक माह्या सासूसारखं आहे. आपण इकडं म्हटलं का ते तिकडं.”

आम्ही ए बाजूने निघालो. चंदा बॉबिन उतरवून एकेका खुंटीवर ठेवत होती आणि मी मनात मोजत होते. ट्रॉली भरली की दुसरी घ्यायची. तीन ट्रॉल्या भरल्या तेव्हा आम्ही मशीनच्या पार दुसऱ्या टोकाला पोचलो होतो. तिथे चौथी ट्रॉली वळवून आम्ही बी बाजूला आलो. चंदाने पहिली बॉबिन उतरवली.

“हा कितवा?” कोंडाबाईने विचारलं.

“एकशे नऊ.”

“अन् तुमच्या नव्या टीव्हीत?”

“बी एक,” मी म्हणाले आणि थांबले.

बी एक मोटरपाशी असायला हवा होता. मोटर तिकडे, पंचवीस पावलांवर घरघरत होती. आम्ही तिच्याकडे पाठ करून निघालो होतो आणि आता वळसा घालून तिच्याकडे परत चाललो होतो. जुना चाळीस नंबर ट्रॉलीच्या वाटेने मोजत होता, एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने परत. बी बाजू त्यात उलट्या टोकापासून येत होती. एकशे त्रेचाळीस म्हणजे मोटरपासून पस्तिसावी जागा नव्हतीच, ती चौऱ्याहत्तरावी होती. माझ्या तक्त्याने गेले एकोणीस दिवस बी बाजूची प्रत्येक खूण चुकीच्या जागेवर टाकली होती. मी शिकवल्याप्रमाणे बायांनी मोटरपासून पस्तीस मोजले, चांगली बॉबिन बाजूला काढली आणि फिकी खोक्यात भरली.

“तो नारायण होता ना, पुण्याचा, ज्यानं ते जुनं कॉम्प्युटर लिहिलं,” कोंडाबाई म्हणाली, “तो चार दिवस माझ्यामागं ही ट्रॉली ढकलत फिरला. आम्ही हसत होतो त्याले. शिकलेला माणूस अन् ट्रॉली ढकलतो.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“पहिल्या दिवशी शंका आली. टीव्हीत आलेली बॉबिन उन्हात धरली तर चांगली दिसे. मी सुपरवायझरले सांगितलं. तो म्हणे, म्याडमनं बनवलं आहे, ते चुकणार नाही.”

चंदाने हातातली बॉबिन खुंटीवर ठेवली. “तुम्हीच शिकवलं तसं मोजलं, म्याडम. मी बोटावर दोनदा मोजते. विचारा कोणालेबी.”

फिटर नवनाथ मशीनखालून बाहेर आला. त्याने सगळं ऐकलं होतं. “म्हंजी चांगलं असलेलंच चार वेळा खोलून धुतलं मी,” तो म्हणाला. “मी म्हणतच होतो, इतकं साफ कसं काय निघतं.”

तक्ता दुरुस्त करायला दहा मिनिटं लागली. त्यानंतर मी राजेंद्र सबनीसांकडे गेले. ते आमचे प्रॉडक्शन मॅनेजर, नाशिकचे, माणूस वाईट नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“दुरुस्त केलंत ना? मग झालं.”

“चंदाची पत्रं परत घ्यायला हवीत.”

“विद्याताई, पत्र परत घ्यायचं तर कारण लिहावं लागेल. कारण लिहिलं की मुंबई विचारणार, चाचणीच्या एकोणीस दिवसांत शून्य चुका असा अहवाल कोणी पाठवला? तो तुम्ही पाठवलाय. खाली माझीही सही आहे.”

“मग तिसरं पत्र निघणार?”

“मी उशीर करतो थोडा. तुम्ही तेवढ्यात बंदचा कागद सही करून टाका. पुढचं पुढे बघू.”

बंदचा कागद म्हणजे एकाच वाक्याचा दाखला. ‘सर्व वापरकर्ते नव्या पद्धतीवर आले असून जुन्या रिपोर्टांची गरज उरलेली नाही.’ खाली माझी सही हवी होती. ती झाल्याशिवाय मुंबई जुना संगणक बंद करू शकत नव्हती. तो कागद माझ्या खणात होता. मी खण उघडला, कागद बघितला आणि खण लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॅकिंगमधल्या बायांनी पडद्याकडे बघायचंच सोडलं. ए बाजूचा माल त्यांनी नेहमीसारखा भरला. बी बाजूच्या ट्रॉल्या भिंतीला लावून ठेवल्या. सुपरवायझर ओरडला, तेव्हा कोंडाबाई खाली बसून सुपारी कातरत होती.

“तक्ता सुधारलाय म्हणतात म्याडमनी,” तो म्हणाला.

“सुधारला असंल. आम्हाले काय माहीत? गलती झाली तर पत्र त्या टीव्हीले देशील का चंदाले? चाळीस नंबर आण, खोकं भरते. नाही तर बी बाजूले हात लावणार नाही.”

“काम नाकारताय म्हणून लिहीन मी.”

“लिही. माझं नाव बराबर लिही. मागच्या वेळी कोंडीबाई लिहिलं होतं.”

बाया हसल्या. दुपारपर्यंत भिंतीला नऊ ट्रॉल्या झाल्या आणि जायला वाट उरली नाही. सबनीस माझ्याकडे आले. “तुमचं ऐकतात त्या. समजवा.”

मी समजावलं नाही. जुन्या संगणकापुढे बसले, पासवर्ड घातला आणि चाळीस नंबर छापला. कागद घेऊन मी स्वतः पॅकिंगमध्ये गेले. कोंडाबाईने तो दोन्ही हातांनी घेतला, कात्रीने पट्ट्या केल्या आणि ट्रॉल्यांना चिकटवल्या. अर्ध्या तासात वाट मोकळी झाली.

त्याच संध्याकाळी मी मुंबईला पाठवायच्या यादीत चाळीस नंबरसमोरचा एक खोडून सत्तावीस लिहिलं. दोन दिवसांनी मुंबईहून सागरचा फोन आला. नवी पद्धत बसवणारा हा मुख्य कचेरीतला इंजिनियर, हुशार आणि घाईचा.

“विद्या मॅडम, सत्तावीस कुठून आले? तुमच्याकडे पासवर्डच अकरा आहेत.”

“पासवर्ड अकरा आहेत. वापरणारे जास्त आहेत.”

“ज्यांना पासवर्ड नाही ते युजर कसे? आणि चाळीस नंबर अजून रोज निघतोय. कोण काढतंय?”

“मी.”

“का?”

“बघते,” मी म्हणाले.

असा फोन रोज येऊ लागला आणि मी रोज बघते म्हणत राहिले. आठ दिवस. आता लिहिताना या आठ दिवसांना चांगलं नाव देता येईल, पण ती भीती होती. सबनीसांनी माझं नाव मुंबईच्या कचेरीसाठी सुचवलं होतं, मेपासून. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अकरा वर्षांत माझ्या नावावर एकही चूक नव्हती. नाशिकला कॉलेजात असताना माझ्या प्रयोगवहीत खाडाखोड नसायची. चुकलं तर मी अख्खं पान नव्याने लिहून काढायची. सर ती वही इतर मुलांना दाखवायचे. तो प्रामाणिकपणा नव्हता, हे मला त्या आठ दिवसांत कळलं.

चंदा रोज कामावर येत होती. येताना ती डबा आणायची नाही, कारण मधेच घरी पाठवलं तर उगाच डबा परत न्यायला नको, असं तिने मैत्रिणीला सांगितलेलं मी ऐकलं. दुपारी ती कोंडाबाईच्या भाकरीतली अर्धी खायची. तिने मला काही विचारलं नाही. एकदा फक्त नळावर भेटली तेव्हा म्हणाली, “म्याडम, गलोंड्याच्या फॅक्टरीत घेतात म्हणे बायांना. पण पत्र लागलेली बाई नाही घेत ते. विचारून आले मी.” आणि कळशी उचलून गेली.

नवव्या दिवशी सागर स्वतः आला. वापीला उतरून जीपने आला होता, शर्टावर रस्त्याची धूळ होती. सबनीसांच्या खोलीत आम्हाला बोलावलं. मी गेले तेव्हा कोंडाबाई आधीच दाराशी उभी होती. तिला बोलावलं होतं, कारण चंदाच्या तिसऱ्या पत्रावर पॅकिंगच्या कोणा जाणत्या बाईचा साक्षीचा अंगठा लागायचा. चंदा बाहेर पाण्याच्या टाकीपाशी बसली होती. खिडकीतून तिचं डोकं दिसत होतं.

टेबलावर दोन कागद होते. एक बंदचा दाखला. सागरने सोबत नवी प्रत आणली होती. दुसरं चंदाचं पत्र. त्यावर ‘बॉबिन फिकी असल्याचे प्रयोगशाळेने प्रमाणित केले’ अशी ओळ होती आणि तिच्यापुढे माझ्या सहीची जागा.

“आधी तुम्ही, बाई,” सबनीस कोंडाबाईला म्हणाले आणि शाईची डबी पुढे सरकवली.

कोंडाबाईने डबीकडे बघितलं. “साहेब, या कागदावर काय लिहिलं आहे?”

“चंदाने फिकी बॉबिन भरली, असं.”

“का भरली, ते लिहिलं आहे?”

“ते नसतं लिहायचं.”

“मग माझा अंगठा बी नसतो लावायचा.” तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. “सव्वीस जणींना विचारा. सव्वीस अंगठे आहेत, एक बी मिळणार नाही.”

“बाई, तुमचंही नाव लिहावं लागेल मग.”

“लिहा. सुपरवायझरनं लिहिलंच आहे एकदा.”

सबनीसांनी डोळे मिटले आणि उघडले. सागरने घड्याळ बघितलं. “साक्षीदार दुसरा मिळेल,” तो म्हणाला. “लॅबची सही महत्त्वाची. मॅडम, दोन सह्या. पाच मिनिटांचं काम आहे. मी तुमच्या बाजूचा आहे, खरंच. नवी सिस्टीम तुम्हीच उभी केलीत, मुंबईत सगळ्यांना माहितेय. एका तक्त्यासाठी ते कशाला घालवायचं? तक्ता आता बरोबर आहे ना?”

“बरोबर आहे.”

“मग पुढचा माल बरोबर जाईल. मागचं उकरून काय मिळणार?”

त्याचं बोलणं तर्काला धरून होतं. मी तसंच आठ दिवस स्वतःशी बोलत आले होते, जवळजवळ त्याच शब्दांत. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते लहान वाटलं.

सबनीसांनी पेन उघडून माझ्यापुढे ठेवलं. “विद्याताई, मे महिना लांब नाही,” ते हळू आवाजात म्हणाले. धमकी नव्हती ती, काळजीच होती.

कोंडाबाई माझ्याकडे बघत नव्हती. ती खिडकीबाहेर बघत होती. चंदा टाकीपाशी उठून उभी राहिली होती. शिफ्टची घंटा झाली होती आणि तिला आत जायचं की नाही हे माहीत नव्हतं.

“मॅडम, हो का नाही, एवढंच सांगा,” सागर म्हणाला. “मला मुंबईला फोन करायचाय.”

मी पेनाचं टोपण लावलं.

“नाही,” मी म्हणाले. “फोन कराच, आणि माझं नाव घेऊन सांगा. तक्ता मी केला होता आणि तो एकोणीस दिवस चुकीचा होता. चंदा बरोबर मोजत होती, मी चुकले. तिची दोन्ही पत्रं माझ्या नावावर काढा. या दोन्ही कागदांवर मी सही करणार नाही.”